जुन्या गालिच्यावर रंग चढवण्याआधी त्याची पाठ पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवरचा लेख वाचला. घरात जुना, रंग उतरलेला इराणी गालिचा पडून असेल तर त्याची लव कातरून, मूळ रंग रसायनाने उडवून त्यावर निळा, राखाडी किंवा जांभळा असा एकच गडद रंग चढवून घ्यावा, म्हणजे तो आजच्या दिवाणखान्याला शोभेल, असा सल्ला त्यात दिला आहे. आणि तेवढा खटाटोप नको असेल तर तो कापून उशांचे अभ्रे शिवावेत, अशी पुस्तीही जोडली आहे. वस्तू अडगळीत टाकण्यापेक्षा वापरात आणावी, हा लेखिकेचा हेतू चांगला आहे आणि तो मला मान्यही आहे. परंतु हा सल्ला वाचून एखाद्या वाचकाने आजोबांच्या वेळचा गालिचा खरोखरच रंगवायला दिला, तर काय पुसले गेले हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी तीस वर्षे वस्त्रोद्योगाच्या विद्यार्थ्यांना रंगांचे रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर मुंबईतील एका वृद्ध रफूगारांच्या हाताखाली बसून गालिचे दुरुस्त करायला शिकले. कोणताही गालिचा दुरुस्तीला आला की ते आधी तो उलटा टाकत. गिऱ्हाईक समोरच्या नक्षीचे कौतुक करीत असे आणि हे मात्र पाठीवरून बोटे फिरवीत बसत. तोंड सगळ्यांना दाखवण्यासाठी असते, विणणाऱ्याचा हात पाठीवर दिसतो, असे ते म्हणत. ते किती खरे आहे, हे मला आमच्याच घरातल्या गालिच्याने शिकवले.

माझे आजोबा मुंबईत कारकून होते. मायदेशी परत निघालेल्या एका इराणी व्यापाऱ्याने त्यांना सहा फूट बाय चार फुटांचा एक गालिचा दिला होता. लग्नकार्यात पाहुण्यांसाठी, दिवाळीत पाडव्याला ओवाळायच्या पाटाखाली आणि एरवी आजोबांच्या खाटेशेजारी तो अंथरलेला असे. घरात सगळे त्याला ‘काश्मिरी’ म्हणत. तो काश्मीरचा नाही, पश्चिम इराणातील हमदान शहराच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातला आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले आणि तेही पाठ पाहून. पाठीवर सुताचे पांढरे ठिपके एकाआड एक दिसतात, वरच्या ओळीत एका जागी, खालच्या ओळीत त्याच्या शेजारी, जणू कोणी तीळ पेरले आहेत. गाठींच्या प्रत्येक ओळीनंतर आडवा धागा एकदाच घातला की उभ्या ताण्याचा एकाआड एक दोरा उघडा राहतो आणि असे ठिपके उमटतात. आडवा धागा दोनदा घातला तर ते झाकले जातात. एकाच आडव्या धाग्यावर विणण्याची ही रीत हमदानच्या खेड्यांची ओळखखूण आहे. गाठीही पाठीवर जोडीजोडीने दिसतात, कारण तिथली गाठ दोन्ही उभ्या दोऱ्यांना सारखाच वेढा घालते. इस्फहान, काशान, केरमान येथल्या कारखान्यांत वापरली जाणारी दुसरी गाठ एका दोऱ्याला पुरता वेढा घालते आणि दुसऱ्याच्या मागून नुसती निघून येते. तिच्यामुळे नक्षीची वळणे जास्त बारकाईने विणता येतात. नक्षीने फसवणूक होऊ शकते, कारण नक्षी एका गावातून दुसऱ्या गावात सहज जाते, पण ताण्यावर बसायची, गाठ मारायची आणि आडवा धागा ठोकायची हाताची सवय पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहते.

त्याच गालिच्यात निम्म्या उंचीवर जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या पार्श्वभूमीचा, निळा रंग एकाएकी फिकट होतो आणि वीतभर पुढे पुन्हा गडद होतो. माझ्या वडिलांना हा दोष वाटे. इराणात या छटाबदलाला ‘अब्रश’ म्हणतात. घरच्या भांड्यात थोडी थोडी लोकर रंगवायची, ती संपली की पुन्हा नीळ घोळायची आणि नव्या घाण्यात छटा थोडी वेगळी यायची, इतके ते साधे आहे. काठाच्या उजव्या बाजूला एक फूल लालाऐवजी तपकिरी आहे. लाल दोरा त्या दिवशी संपला असेल किंवा लेकराला घ्यायला उठलेल्या बाईच्या हातात परत बसताना भलताच गुंडा आला असेल. आपण गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा ओळखतो, तसाच कोणा अनोळखी बाईचा एक दिवस त्या तपकिरी फुलात मला ओळखता येतो. पुरवणीतील सल्ल्याप्रमाणे वर एकच गडद निळा चढवला असता तर ते फूल, तो अब्रश आणि तो दिवस तिन्ही गेले असते.

आता रंगांविषयी, कारण तो माझा विषय आहे आणि लेखात सर्वांत मोठी गल्लत तिथेच झाली आहे. जुन्या गालिच्याचा रंग ‘उडालेला’ असतो हे गृहीतच बहुधा चुकीचे आहे. मंजिष्ठेच्या जातीतली रुनास नावाची वनस्पती इराणात लाल रंगासाठी वापरली जाई. तिची निदान तीन वर्षांची मुळे कुटून, लोकरीला आधी तुरटीचा हात देऊन काढलेला लाल शंभर वर्षांत फिका पडत नाही, निवतो. त्यातला भडकपणा जातो आणि खोली राहते. अराक आणि फराहान भागातले रंगारी रुनास ताकात भिजवून एक मऊ गुलाबी काढत आणि ताकाला फारसीत ‘दूग’ म्हणतात म्हणून त्या रंगाला ‘दूगी’ म्हणत. निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी रानफुले आणि डाळिंबाची साल, तपकिरीसाठी अक्रोडाची टरफले, हे सगळे आपल्याकडच्या रंगाऱ्यांनाही परके नव्हते. नीळ हिंदुस्थानातून जात होती आणि इराणवर सफवी घराण्याचे राज्य होते त्या काळातल्या उत्तम गालिच्यांच्या किरमिजी रंगांत आपल्याकडची लाख तपासणीत सापडली आहे.

या नैसर्गिक रंगांपैकी एकाचा स्वभाव मात्र घातकी. काळ्या-तपकिरी रेघांसाठी लोहाचे क्षार वापरत आणि लोह लोकरीला हळूहळू खात जाते. म्हणून जुन्या गालिच्यात फुलांभोवतीच्या गडद रेघा झिजून खोलगट होतात आणि फुले उठावात कोरल्यासारखी दिसतात. पुष्कळांना ती वापराची झीज वाटते. खरे तर ते गालिच्याचे वय बोलते आहे आणि अनुभवी माणूस आधी तिथे बोट लावून पाहतो.

खरोखर उडणारे रंग आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि पुढच्या काही दशकांत त्या कुळातले स्वस्त, चकचकीत रंग इराणच्या बाजारात पोचले. ते पाण्यात सुटत आणि उन्हात विटत. इराणच्या तेव्हाच्या काजार राजवटीने त्यांच्या आयातीवर बंदी घातली, पण ती पुरती अमलात आली नाही. तुमच्या गालिच्यात यांपैकी काय आहे हे घरच्या घरी पाहता येते. लव दोन बोटांनी दुभंगून मुळाशी पाहा. टोकाला राखाडी आणि मुळाशी भडक गुलाबी किंवा जांभळा असेल तर रंग डांबराचा. टोकापासून मुळापर्यंत एकच रंग थोडा गडद होत गेला असेल तर रुनास, नीळ किंवा पुढच्या काळातले पक्के रंग. या दुसऱ्या प्रकारच्या गालिच्यावर विरंजक ओतणे म्हणजे शंभर वर्षे टिकलेल्या गोष्टीला एका दुपारी घालवणे होय. क्लोरीन रंग उडवून थांबत नाही, लोकरीवरचे सूक्ष्म खवलेही झिजवते. त्यानंतर ती लोकर कितीही सुरेख रंगवा, ती पायाखाली पूर्वीसारखी टिकत नाही.

असल्या उपचारांचा इतिहासही फॅशनचाच आहे. साधारण १९१० नंतरची वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेत इराणातील अराकजवळच्या सारूक गावचे गालिचे फार खपत, पण त्यांचा मूळ रंग तिथल्या घरांना रुचेना. मग गालिचे तिथे पोचल्यावर रसायनाने धुऊन फिके केले जात आणि कारागीर बसवून गालिच्याच्या जमिनीवर ब्रशने गडद लाल रंग भरला जाई. इराणातल्या कारागिरांनी विणताना जो रंग निवडला, तो मालकाच्या खोलीत पोचण्याआधीच नाहीसा झालेला असे. पुढे अभिरुची पुन्हा बदलली आणि त्याच गालिच्यांवरचा तो लाल उतरवून मूळ रंग शोधायचे काम निघाले. आज आपण निळ्या-राखाडी रंगांनी तेच करायला निघालो आहोत.

कापण्याची कल्पना तर याहून जुनी. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजांच्या तेसिफोन येथील राजवाड्यात वसंत ऋतूतली बाग विणलेला एक प्रचंड गालिचा होता. पाटांच्या जागी रत्ने आणि वाटांच्या जागी सोने असलेला तो गालिचा इसवी सन ६३७ मध्ये अरब सैन्याच्या हाती पडला, तुकडे करून वाटला गेला आणि एकेक तुकडाही हजारो दिरहमांना विकला गेला, असे इतिहासकार तबरी सांगतो. त्यातला एकही तुकडा आज अस्तित्वात नाही. याउलट सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात १९४९ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञ सेर्गेई रुदेन्को यांना एका सरदाराच्या थडग्यात सुमारे दोन मीटर लांबीरुंदीचा गालिचा सापडला. थडगे लुटणाऱ्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी आत शिरून गोठले आणि त्या बर्फात तो जवळजवळ चोवीसशे वर्षे राहिला. घोडेस्वार आणि चरणारी हरणे त्याच्यावर आजही ओळखता येतात. तो इराणात विणला की आणखी कुठे यावर तज्ज्ञांचा वाद आहे, पण गाठी मारून गालिचा विणण्याची कला त्या काळीच किती परिपक्व होती हे तो निर्विवाद दाखवतो. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आज तो पाहायला मिळतो.

जुन्या इराणी गालिच्यांत सर्वांत प्रसिद्ध असलेल्या अर्दबीलच्या गालिच्याची गोष्ट मला या संदर्भात सर्वांत जवळची वाटते. सफवी घराण्याचे मूळपुरुष शेख सफीउद्दीन यांच्या अर्दबील येथील दर्ग्यासाठी शाह तहमास्पच्या काळात हे गालिचे विणले गेले. ‘हे’ म्हणण्याचे कारण, ते दोन होते, जुळे. त्यांतला एक १८९३ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. साडेदहा मीटर लांब, पाच मीटरांहून जास्त रुंद, रेशमी ताण्या-बाण्यावर लोकरीच्या सुमारे २ कोटी ६० लाख गाठी आणि एवढा पसारा केवळ १० रंगांत. दहा विणकर बसवले तरी काही वर्षे लागली असतील असा संग्रहालयाचा अंदाज आहे. रंग जपण्यासाठी आज त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासाला फक्त १० मिनिटे उजळतात. जिथे उजेडसुद्धा असा मोजून देतात, तिथे विरंजकाची गोष्ट काढायलाही लाज वाटावी.

त्या गालिच्याच्या एका टोकाला छोट्या चौकटीत फारसी कवी हाफिजच्या दोन ओळी विणलेल्या आहेत: तुझ्या उंबरठ्यावाचून मला जगात आसरा नाही, या दाराखेरीज माझे डोके टेकायला जागा नाही. त्याखाली लिहिले आहे की हे काम या दारीचा दास मकसूद काशानी याचे, आणि हिजरी सन ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०. महाद्वारी पायरी होऊन राहिलेल्या नामदेवांच्या मुलखात या ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मकसूद हा विणकर होता, नक्षी काढणारा होता की काम करवून घेणारा, यावर मतभेद आहेत. तरी नाव आले आहे, सन आले आहे, आणि म्हणूनच इतर कितीतरी गालिच्यांचे वय या एका गालिच्याशी ताडून ठरवता आले.

लंडनचा गालिचा आज अखंड दिसतो, पण त्या अखंडपणाची किंमत दुसऱ्याने मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे गालिचे इराणातून बाहेर आले तेव्हा दोघांचीही नासधूस झालेली होती. विक्रीयोग्य एक तरी पूर्ण गालिचा हवा म्हणून दुसऱ्याचे काठ आणि काही भाग कापून पहिल्यात जोडले गेले. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्यासारख्या जाणकाराने शिफारस केल्यावर संग्रहालयाने २,००० पौंडांना घेतला तो हा जोडलेला गालिचा. काठ गमावलेला जुळा बराच काळ लोकांसमोर आलाच नाही. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९५३ मध्ये तेलउद्योगपती जे. पॉल गेटी यांनी तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिला. काठांवाचून तो पाहिला की पदर फाडून घेतलेल्या शालूची आठवण येते. त्या वेळच्या व्यापाऱ्यांना मी आज दोष देत नाही, कारण बाजाराच्या दृष्टीने त्यांचा हिशेब बरोबर होता. पण कापलेले पुन्हा जुळत नाही हे त्यांच्या उदाहरणावरून आपल्याला आधीच ठाऊक आहे.

मकसूदचे नाव उरले तसे नाव उरलेले विणकर मोजकेच. सफवी काळातल्या दरबारी कारखान्यांतले गालिचे, शाह अब्बासच्या इस्फहानात सोन्या-चांदीच्या तारेने विणलेले आणि युरोपातल्या राजांना भेट गेलेले रेशमी गालिचे, १७२२ च्या अफगाण स्वारीनंतर ओस पडलेले कारखाने आणि त्यानंतर दीडशे वर्षांनी तब्रीझच्या व्यापाऱ्यांनी व युरोपीय पेढ्यांनी पुन्हा उभा केलेला धंदा, हा इतिहास पुस्तकांतून मिळतो. खेड्यांतल्या आणि काशकाईंसारख्या भटक्या जमातींच्या बायकांनी जे विणले त्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. भटक्यांचे माग जमिनीवर आडवे असत, तळ हलवताना गुंडाळले जात आणि नव्या तळावर पुन्हा खुंट्या ठोकून ताणले जात, म्हणून त्यांच्या गालिच्यांच्या कडा सरळ नसतात. कारखान्यात नकाशा असे. हो, चौकटीच्या कागदावर काढलेल्या नक्षीला तिथेही नकाशाच म्हणतात, आणि तो मोठ्याने, चालीवर वाचून दाखवणारा माणूस वेगळा असे. खेड्यातली बाई नकाशावाचून, आईच्या गालिच्याची पाठ पाहून विणत असे. पाठीवर गाठी मोजता येतात, तोंडावर येत नाहीत.

या कलेचे गोडवे गाताना तिच्या किमतीकडे पाठ फिरवू नये असेही मला वाटते. केरमानच्या मागांवर लहान मुलांना अंधाऱ्या, दमट खोल्यांत दिवसदिवस बसवत, त्यांची हाडे वाकत आणि त्यामुळे पुढे मुलींना बाळंतपण जिवावर बेतत असे. १९२० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने या प्रश्नात लक्ष घातले होते. म्हणजे ज्या गालिच्यावर आपण रंग ओतायला निघालो आहोत, त्याच्यासाठी कोणीतरी आपले डोळे आणि पाठ दिलेली असू शकते. तो माणूस कोण हे कळणार नाही, पण त्याने मारलेली प्रत्येक गाठ जागच्या जागी आहे, आणि त्याच्या हातचे तेवढेच राहिले आहे.

हे गालिचे आपल्याला परके नाहीत, म्हणूनही मला हे पत्र मराठी दैनिकाला लिहावेसे वाटले. गालिचा हा शब्द आपण फारसीतून घेतला. फारसीत ‘फर्श’ म्हणजे अंथरलेला गालिचा, आपल्याकडे त्याची फरशी झाली. बैठकीचे अंथरूण घालणारा तो फरास, आणि तंबू, कनाती, जाजमे, गालिचे ठेवण्याची जागा तो फरासखाना, जो पुण्यात आता पोलीस ठाण्याच्या नावात उरला आहे. पैठणीवरची आणि मेंदीतली कोयरी इराणी गालिच्यात ‘बोते’ म्हणून रांगेने विणलेली असते. गालिच्याच्या मधल्या मोठ्या पदकाला इराणी विणकर ‘तोरंज’ म्हणतात आणि तोरंज म्हणजे महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच फळ. मला हे कळले त्या दिवसापासून तब्रीझचा किंवा काशानचा पदकाचा गालिचा पाहिला की मधोमध आधी महाळुंग दिसते.

भारतातच पाहण्यासारखे असे एक मोठे उदाहरण जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात आहे. केरमानच्या विणकरांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात विणलेला, साडेआठ मीटरांच्या आसपास लांबीचा हा गालिचा म्हणजे वरून पाहिलेली एक संपूर्ण बाग आहे. पाण्याचे मोठे पाट बागेचे भाग पाडतात, पाटांत मासे आणि बदके पोहतात, काठाने चिनार आणि सरू उभे आहेत आणि मधोमध निळ्या घुमटाचा मंडप आहे. त्याच्यापुढे उभे राहिले की पाणी कुठून कुठे वाहते हे डोळे आपोआप शोधू लागतात. तो आमेरच्या राजवाड्यातून संग्रहालयात आला. तो कधीचा हे कळले ते त्याच्या पाठीमुळे, कारण अस्तराला लावलेल्या कोठाराच्या चिठ्ठीवर १६३२ सालची नोंद होती आणि त्यात त्याला ‘परदेशी’ म्हटले होते. त्या वेळी आमेरच्या गादीवर मिर्झाराजे जयसिंह होते, पुढे १६६५ मध्ये पुरंदरचा तह करणारे तेच. जुने अस्तर खराब दिसते म्हणून कोणी ते उसवून फेकले असते तर या कुळातल्या गालिच्यांचा काळ ठरवण्याचा एक भक्कम आधार हातचा गेला असता.

न जाणता केलेल्या निर्णयाचे पैशातले मोल ज्यांना पाहायचे असेल त्यांच्यासाठी एक घटना. जर्मनीतील एका छोट्या लिलावगृहाने २००९ मध्ये एका वृद्ध स्त्रीच्या गालिच्याची किंमत ९०० युरो धरली आणि तो सुमारे २०,००० युरोंना गेला. काही महिन्यांनी, एप्रिल २०१० मध्ये, तोच गालिचा लंडनच्या लिलावात ६० लाख पौंडांहून जास्त किमतीला विकला गेला. तो सतराव्या शतकातला केरमानचा होता. त्याच कुळातला, विळ्यासारख्या पानांचा दुसरा गालिचा न्यूयॉर्कमध्ये २०१३ मध्ये ३ कोटी ३७ लाख डॉलरना गेला. आपल्या घरातला गालिचा असा निघणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. आमचा हमदानचा गालिचाही बाजारात फार मोलाचा नाही आणि पैशासाठी जपावा असे माझे म्हणणेच नाही.

आमच्या गालिच्यावरही एकदा हात फिरला आहे. नव्वदीच्या दशकात वडिलांनी तो शहरातल्या एका धुलाई दुकानात दिला. परत आला तेव्हा लाल पांढऱ्यात फुटला होता, एक कोपरा गुलाबी झाला होता, आणि विरळ झालेली मूळ झालर कापून तिच्या जागी यंत्राची पांढरीशुभ्र झालर शिवलेली होती. झालर म्हणजे ताण्याचीच टोके असतात. ती कापली की शेवटच्या ओळींच्या गाठी सुटायला मोकळ्या होतात, हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर तो गालिचा घडी घालून माळ्यावर गेला, घडीवर ताणा तुटला आणि आतल्या बाजूला कसर लागली. दुकानदाराच्या चुकीपेक्षा आमचे दुर्लक्ष त्याला जास्त भोवले, असे आज मला वाटते.

मी हटवादीपणे बोलत नाही. लव पूर्ण गेलेला, ताणा कुजलेला, अर्धा जळालेला तुकडा असेल तर त्याची पिशवी किंवा उशी जरूर करावी. इराणातही तसे करतात. यंत्रावर विणलेला, डिंकाने पाठ चिकटवलेला गालिचा हवा तसा रंगवावा, त्यात कोणाचा हात नाही. पण निर्णय घेण्याआधी गालिचा उलटा करून उजेडात पाहावा. पाठीवर नक्षी तोंडाइतकीच स्पष्ट दिसते का, गाठी किंचित लहानमोठ्या आहेत का, झालर ताण्यातूनच निघाली आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. पांढरा रुमाल ओला करून लाल भागावर दाबावा, रंग लागला तर घरी पाणी लावू नये. ठेवायचा झाल्यास गुंडाळून ठेवावा, घडी घालू नये, आणि दोन महिन्यांनी एकदा उलगडून कसर पाहावी. जाणता रफूगार अजून मुंबई-पुण्यात शोधला तर सापडतो, आणि फाटलेली जागा विणून देण्याची त्याची मजुरी रंगवून घेण्याच्या खर्चाहून फारशी जास्त नसते. फार्स आणि काशान येथील गालिचे विणण्याच्या कौशल्यांना युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या कौशल्याचे जुने नमुने आपल्या माळ्यावर असतील तर ते निदान ओळखले तरी जावेत.

आमच्या गालिच्याला मी गेल्या चार वर्षांत दोन्ही टोकांना नवा ताणा जोडून सुटणाऱ्या ओळी बांधल्या आणि कसरीने खाल्लेल्या तीन जागा रुनासने रंगवलेल्या लोकरीने भरल्या. फुटलेला गुलाबी कोपरा तसाच ठेवला आहे. तोही आता त्याच्या आयुष्यात घडलेला भाग आहे. तपकिरी फुलाला हात लावलेला नाही.

आपणास एक विनंती आहे. त्या लेखासोबत छापलेल्या चारही छायाचित्रांत गालिच्याचे तोंड होते. या विषयावर पुरवणीत पुन्हा लेख येईल तेव्हा एक छायाचित्र पाठीचे, गाठी मोजता येतील इतक्या जवळून घेतलेले, अवश्य छापावे. हवे असल्यास आमच्या गालिच्याचे छायाचित्र मी पाठवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, निवृत्त अध्यापिका
पुणे